कूनोचे अरण्य : पाट सिंहाचा, पाहुणा चित्ता

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून निघालेले एक विमान ग्वाल्हेरच्या महाराजपुऱ्यास उतरले. त्यातील आठ चित्ते हेलिकॉप्टरने श्योपूर जिल्ह्यातील कूनोच्या अरण्यात नेण्यात आले. त्या दिवसापर्यंत ज्या जंगलाचे नाव ग्वाल्हेर-शिवपुरीच्या पंचक्रोशीबाहेर फारसे कोणाच्या कानी नव्हते, ते संध्याकाळपर्यंत देशभर झाले. १८ फेब्रुवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतून आणखी बारा चित्ते आले. तेव्हापासून कूनोविषयी जी बातमी येते ती बहुतेक चित्त्याचीच असते. अमका मेला, तमकीला पिल्ले झाली, एखादा कुंपण सोडून गावात शिरला, असे त्या बातमीचे स्वरूप असते. या गलबल्यात खुद्द अरण्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही. हे अरण्य कसे आहे, ते कोणासाठी मोकळे करण्यात आले, आणि ज्यांनी ते मोकळे करून दिले त्यांचे पुढे काय झाले, हे प्रश्न चित्त्याच्या आयुष्याइतकेच महत्त्वाचे आहेत. आपल्यासारख्या, दोनशे वर्षे या मुलुखाचे पाणी प्यालेल्या घरांना तर ते अधिकच जवळचे वाटावयास हवेत.

प्रथम भूमीचा विचार करू. चंबळच्या दक्षिणेस विंध्याच्या वालुकाश्माची जी पसरट पठारे आहेत, त्यांतून कूनो नदी वाट काढीत उत्तरेकडे जाते आणि अखेर चंबळेला मिळते. शिवपुरीच्या पठारावर उगम पावून सुमारे १८० किलोमीटर वाहणारी ही नदी अरण्याच्या मधोमध गेली आहे. उन्हाळ्यात ती ठिकठिकाणी डोहांपुरती उरते, आणि त्या दिवसांत सारे जंगल त्या डोहांभोवती गोळा होते. जमीन पातळ, खडकाळ आणि कोरडी आहे. सह्याद्रीतील दाट, ओल्या रानाची कल्पना मनात धरून कोणी येथे आला तर त्याची निराशाच होईल. येथे खैर आहे, साळई आहे, टेंभुर्णी आहे, बेल आहे. आणि या सर्वांवर ताण करणारी करधई आहे. करधई ही आपल्या धावड्याची चुलत बहीण. उन्हाळ्यात ती इतकी वाळते की झाड मेले की काय असे वाटावे; पण पाऊस पडण्याआधी हवेत नुसता दमटपणा आला तरी तिला पालवी फुटते, असा येथील लोकांचा अनुभव आहे. थोड्यावर जगणारे आणि थोड्याने बहरणारे असे हे रान आहे. तेथे काही नवीन वसवू पाहणाऱ्याने हा त्याचा स्वभाव आधी ओळखावा हे बरे.

हे रान कधीकाळी याहून समृद्ध होते, याला इतिहासाची साक्ष आहे. १५६४ साली माळव्याच्या स्वारीवर निघालेल्या अकबराने नरवरच्या आसपासच्या अरण्यात रानहत्ती पकडले. आज त्या बाजूस हत्ती मागमूसालाही नाही. सिंहही या मुलुखात होते. १८७० च्या दशकात गुण्याजवळ सिंह मारल्याची नोंद आहे, आणि मध्य भारतातील अखेरच्या सिंहांपैकी तो एक मानला जातो. त्यानंतर आशियाई सिंह उरला तो केवळ सौराष्ट्रातील गीरच्या जंगलात. श्योपूरचा मुलूख पूर्वी गौड राजपुतांचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी दौलतराव शिंद्यांच्या फौजेने तो जिंकला आणि ग्वाल्हेर दरबारात आणला. पालपूर, आमेट आणि मैटोनी या गढ्या आजही अरण्यात पडझडीला आलेल्या अवस्थेत उभ्या आहेत. याच पालपुरावरून पुष्कळ दिवस या अभयारण्याला ‘कूनो-पालपूर’ म्हणत.

शिंदेशाहीच्या काळात या जंगलांकडे पाहण्याची दृष्टी दुहेरी होती. एका बाजूस ती राखीव शिकारगाहे होती. दुसऱ्या बाजूस, राखीव असल्यामुळेच ती वाचली. माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत सिपरीचे शिवपुरी झाले, तेथे उन्हाळ्याची राजधानी वसली, आणि १९१८ साली मनिअर नदीवर सख्यासागर आणि माधवसागर हे जलाशय बांधले गेले. सख्याराजे आणि माधवराव यांच्या समोरासमोरच्या छत्र्या ठाऊक नाहीत असे लष्करातील मराठी घर सापडणे कठीण. श्योपूरला जाणारी दोन फुटी रुळांची आगगाडी हीदेखील त्याच कारकीर्दीतली. सुमारे दोनशे किलोमीटरचा तो प्रवास करीत ती १९०९ पासून २०२० पर्यंत धावली, आणि आता रुंद रुळांसाठी तिचा मार्ग मोडला गेला आहे.

माधवरावांनीच विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात या पट्ट्यात आफ्रिकेतून सिंह आणून सोडण्याचा प्रयोग केला. गीरमधील सिंहांची संख्या तेव्हा अगदीच रोडावली होती, आणि लॉर्ड कर्झन यांनी गीरमध्ये सिंहाची शिकार करण्याचे टाळून ग्वाल्हेरला सिंह वसवून पाहण्याची सूचना केली असे या प्रकरणाचे मूळ सांगतात. काही सिंह प्रवासात आणि बंदिवासात गेले. जे मोकळे सुटले त्यांना रानातल्या चपळ हरणांपेक्षा गावातली गुरे सोपी वाटली. पुढे माणसांवरही हल्ले झाले, आणि अखेर हे सिंह मारावे किंवा पकडावे लागले. प्रयोग फसला. त्याचे वर्णन राजेलोकांच्या लहरीची गोष्ट म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. पण तो का फसला हे पाहिले तर त्यात आजही शिकण्यासारखे आहे. जनावर आणले, भिंती बांधल्या, पण रानात पुरेसे भक्ष्य आहे काय आणि रानालगतच्या माणसाचे काय, याचा आधी पुरेसा विचार झाला नाही.

स्वतंत्र भारताने तोच प्रयोग दुसरीकडे केला. १९५७ साली गीरमधील तीन सिंह उत्तर प्रदेशातील चंद्रप्रभा अभयारण्यात सोडण्यात आले. त्यांची संख्या अकरापर्यंत वाढली, आणि १९६५ च्या सुमारास ते सगळे नाहीसे झाले. राजाच्या आज्ञेने केलेला प्रयोग आणि सरकारी ठरावाने केलेला प्रयोग, दोहोंची अखेर एकच झाली.

तरीही सिंहांना दुसरे घर हवे हा विचार मागे पडला नाही, आणि तो पडू नये हेच योग्य होते. एकाच ठिकाणी असलेली सारी प्रजा एका साथीत नष्ट होऊ शकते. १९९४ साली आफ्रिकेतील सेरेंगेटीत कुत्र्यांच्या डिस्टेंपर रोगाने सिंहांपैकी सुमारे एक तृतीयांश, म्हणजे हजाराच्या आसपास, दगावले. म्हणून देहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने १९९० च्या दशकात तीन ठिकाणे तपासली. राजस्थानातील दर्रा-जवाहरसागर व सीतामाता, आणि मध्य प्रदेशातील कूनो. निवड कूनोची झाली. १९८१ साली सुमारे ३४५ चौरस किलोमीटरचे अभयारण्य म्हणून जाहीर झालेले हे रान सिंहांच्या स्वागतासाठी सिद्ध करण्याचे ठरले.

येथून या कथेतला खरा, आणि सर्वांत कमी बोलला जाणारा, भाग सुरू होतो. अरण्यात चोवीस गावे होती. त्यांतील बहुसंख्य लोक सहरिया होते. ‘स-हरि’, म्हणजे वाघसिंहाच्या सोबतीने राहणारा, अशी त्यांच्या नावाची एक व्युत्पत्ती सांगतात. ती भाषाशास्त्राला मान्य होवो न होवो, त्यांच्या जीवनाला शोभणारी आहे. पावसाळ्यात थोडी शेती आणि एरवी रानमेवा, टेंभुर्णीची पाने, मध आणि विशेषतः साळईचा डिंक यांवर त्यांची गुजराण चाले. कोणत्या झाडांचा डिंक कोणत्या घराने काढावयाचा हे परंपरेने ठरलेले असे. कागदावर नसला तरी तो त्यांचा सातबाराच होता. १९९८ पासून पुढील पाचेक वर्षांत ही गावे उठविण्यात आली. सुमारे दीड हजार कुटुंबे अरण्याच्या सीमेबाहेर, कराहल-विजयपूरच्या बाजूस वसली. प्रत्येकास सुमारे दोन हेक्टर जमीन आणि घरासाठी साहाय्य मिळाले. परंतु जमीन पुष्कळांच्या वाट्यास दगडाळ आली, पाणी अपुरे पडले, आणि डिंकाची झाडे मागे राहिली. जो मनुष्य रानातून काही वेचून दोन पैसे मिळवीत होता, त्याला दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस किंवा शेकडो कोस दूर कामास जावे लागले. श्योपूर जिल्ह्याचे नाव बालकांच्या कुपोषणामुळे वारंवार देशापुढे आले आहे, आणि त्या बालकांत सहरियांची मुले पुष्कळ असतात, ही गोष्ट चित्त्यांच्या छायाचित्रांशेजारी क्वचितच छापली जाते.

मागे राहिलेल्या शेतांचे काय झाले हे पाहण्यासारखे आहे. नांगर थांबला तशी तेथे गवते माजली. गवतावर चितळ वाढले. आज कूनोमध्ये ज्या मोकळ्या, गवताळ जागांचे कौतुक होते आणि ज्या आफ्रिकेच्या माळांची आठवण करून देतात असे सांगितले जाते, त्यांतील कित्येक ही त्या उठलेल्या गावांची शेते आहेत. निसर्गाने दिलेली देणगी म्हणून आपण जे पाहतो, ते दीड हजार कुटुंबांनी मोजलेले मोल आहे.

आणि हे मोल कशासाठी दिले? सिंहासाठी. तो सिंह आजतागायत आलेला नाही. सिंह ही आपली शान आहे आणि त्यांचे रक्षण आम्ही उत्तम करतो, अशी गुजरातची भूमिका राहिली. कूनोत भक्ष्य पुरेसे नाही, रणथंबोरहून वाघ येतात, असेही आक्षेप निघाले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १५ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला की सिंहांच्या स्थलांतरास सहा महिन्यांच्या आत चालना द्यावी. एखाद्या राज्याच्या अभिमानापेक्षा त्या प्राणिजातीचे हित वरचढ आहे, असे तत्त्वही त्या निकालात सांगितले गेले. त्याच निकालात आफ्रिकी चित्ते आणण्याचा बेत रद्द ठरविला होता. न्यायालयाच्या दृष्टीने कूनोचा पाट सिंहाचा होता.

सिंह न जाण्यात धोका होता, हे लवकरच दिसले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात गीरच्या दलखाणिया भागात तेवीस सिंह मेले, आणि त्यांत त्याच डिस्टेंपरच्या विषाणूचा हात आढळला. साथ आटोक्यात आली हे भाग्य. गुजरातची बाजूही मांडली पाहिजे. तेथील सिंहांची संख्या २०२० मध्ये ६७४ होती, ती २०२५ च्या गणनेत ८९१ झाली. हे यश निर्विवाद आहे. पोरबंदरजवळच्या बरडा टेकड्यांत सिंह आपण होऊन गेले आणि त्या गणनेत तेथे १७ सिंह आढळले, म्हणून दुसरे घर तेच असे गुजरात म्हणते. पण बरडा सौराष्ट्रातच आहे. एका वाड्यातल्या दोन खोल्यांना दोन घरे म्हणता येत नाही. साथ आली तर ती उंबरा पाहून थांबणार नाही.

मध्यंतरी २८ जानेवारी २०२० रोजी न्यायालयाने आफ्रिकी चित्ते प्रयोग म्हणून आणण्यास परवानगी दिली, आणि सिंहासाठी मांडलेल्या पाटावर चित्ता येऊन बसला. चित्ता या भूमीस परका नाही. ‘चित्रक’ या संस्कृत शब्दातून त्याचे नाव जगभर गेले. मोगलांच्या आणि पुढे संस्थानिकांच्या पदरी शिकारी चित्ते असत. आपल्या कोल्हापुरात तर देशी चित्ता मिळेनासा झाल्यावर आफ्रिकेतून चित्ते आणवून त्यांच्याकडून काळवीट धरविण्याचा शौक जपला गेला. १९५२ साली भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. तेव्हा गेलेला प्राणी परत आणण्याच्या कल्पनेत मुळीच वावगे नाही. मात्र जो गेला तो आशियाई चित्ता होता, आणि जो आला तो आफ्रिकी; आणि चित्ता हा मुख्यतः खुल्या माळाचा प्राणी, तर कूनो हे बव्हंशी झाडीचे रान, हे दोन भेद ध्यानी ठेवले पाहिजेत.

तीन वर्षांचा हिशोब काय सांगतो? आलेल्या वीस चित्त्यांपैकी २०२५ च्या सप्टेंबरात अकरा हयात होते. येथे जन्मलेली सोळा पिल्ले जगली होती, आणि एकूण संख्या सत्तावीस होती. २०२३ च्या पावसाळ्यात घडलेली एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागात जून ते सप्टेंबर हा हिवाळा. त्या सवयीने चित्त्यांच्या अंगावर दाट केस आले. येथे मात्र तेव्हा पाऊस आणि दमट उकाडा होता. गळ्यातल्या रेडिओ पट्ट्यांखाली केस ओले राहिले, जखमा झाल्या, त्यांत किडे पडले, आणि काही चित्ते दगावले. मग उरलेल्यांना पुन्हा कुंपणात घ्यावे लागले. शरीराचे पंचांग विमानातून उतरताच बदलत नाही, हा त्याचा अर्थ. उलट, मार्च २०२३ मध्ये येथे जन्मलेल्या चार पिल्लांपैकी तीन मे महिन्याच्या उन्हाने गेली. एक मादी माणसांच्या देखभालीत वाचली. तिचे नाव ‘मुखी’. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिलाच पाच पिल्ले झाली. भारतात जन्मलेल्या चित्तिणीची ही पहिली वीण होय. हे यश लहान नाही, आणि जे वनरक्षक आणि पशुवैद्य रात्रंदिवस त्यांच्या मागावर असतात त्यांना त्याचे श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु पुढचा प्रश्न जागेचा आहे. २०१८ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या कूनोचे क्षेत्र सुमारे ७४९ चौरस किलोमीटर आहे. प्रकल्पाच्या मूळ आराखड्यातच तेथे २१ चित्त्यांची सोय होईल, आणि आजूबाजूचा सुमारे ३,२०० चौरस किलोमीटरचा मुलूख धरला तर ३६ ची, असा अंदाज होता. आफ्रिकेच्या माळावर चित्ते याहून फार विरळ राहतात, म्हणून तो अंदाजही फुगीर आहे असे काही शास्त्रज्ञांचे मत आहे. चित्त्यांनी आपले मत पायांनी दिले आहे. मे २०२४ मध्ये एक राजस्थानात करौलीपर्यंत गेला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात एक श्योपूर शहराच्या वस्तीत फिरताना दिसला. एप्रिल २०२५ मध्ये दोन चित्ते मंदसौर-नीमचकडील गांधीसागर अभयारण्यात हलविण्यात आले, हे त्यामुळेच सयुक्तिक झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये बोट्स्वानाने आणखी आठ चित्ते देऊ केले. पाहुणे वाढत आहेत. घर मात्र तेवढेच आहे.

म्हणून कूनोचा विचार एकट्या कूनोपुरता करून भागणार नाही. शिवपुरीच्या माधव राष्ट्रीय उद्यानात मार्च २०२३ मध्ये वाघ पुन्हा सोडण्यात आले, आणि मार्च २०२५ मध्ये ते व्याघ्र प्रकल्प म्हणून जाहीर झाले. सख्यासागराला २०२२ साली रामसर पाणथळाचा दर्जा मिळाला आहे. पश्चिमेस चंबळपलीकडे रणथंबोर आहे. तेथून आलेला एक वाघ सुमारे दहा वर्षे कूनोत राहिला. म्हणजे जनावरांनी हा सारा पट्टा एकच मानला आहे. नकाशावर त्याचे तुकडे आपण पाडले. रणथंबोर, कूनो आणि माधव यांच्यामधील ओढे, खोरी आणि पडीक राने मोकळी ठेवणे, तेथे खाणी आणि रस्ते आखताना हात आखडता घेणे, हे काम चित्त्यांच्या पुढच्या तुकडीपेक्षा अधिक निकडीचे आहे. त्याला ना सोहळा लागतो ना विमान; म्हणूनच बहुधा ते मागे पडते.

दुसरी गोष्ट सहरियांची. चित्त्यामुळे येथे हॉटेले निघतील, जमिनीचे भाव चढतील, रोजगार येईल, असे सांगितले जाते. रोजगार येवोत, पण ज्याची जमीन आहे त्याला भाव आणि ज्याचे रान गेले त्याला झाडलोटीचे काम, असा त्याचा शेवट होता कामा नये. चित्तामित्र म्हणून गावोगावचे लोक नेमले गेले, हे ठीक झाले. त्यापुढे जाऊन, उठलेल्या चोवीस गावांच्या लोकांना प्रवेश शुल्कात ठरावीक वाटा, साळईच्या डिंकावर उद्यानाबाहेरच्या जंगलात निश्चित हक्क, आणि शेतीला पाणी ही तीन आश्वासने लेखी पाहिजेत. वाट काढणारे, माग ओळखणारे सहरियांहून कुशल कोणी या भागात नाही. त्यांना पगारी वनरक्षकाच्या जागांवर प्राधान्य देणे हा उपकार ठरणार नाही. तो शहाणपणा आहे.

तिसरी गोष्ट न्यायालयाच्या निकालाची. २०१३ च्या निकालातील सिंह कोठे गेला, हे विचारण्याचा अधिकार या मुलुखाला आहे. चित्ते आले म्हणून तो प्रश्न मिटत नाही. सिंह आणि चित्ता एका रानात राहू शकतात की नाही याचे उत्तर शास्त्रज्ञांनी द्यावे. पण ते उत्तर उघडपणे, कारणांसह दिले जावे. दीड हजार कुटुंबांना एका कारणाने उठवून ते कारणच गुपचूप बदलणे न्यायाला धरून नाही.

या सर्वांत आपल्यासारख्या घरांनाही एक लहानसे काम आहे. दरबारच्या जंगल खात्यात, शिकारखान्यात, तोफखान्यात चाकरी केलेल्यांचे वंशज लष्करात अजून आहेत. मोडीतले हिशोब, शिकारीच्या वेळची छायाचित्रे, जुने नकाशे कित्येकांच्या पेट्यांत वाळवी खात पडले असतील. वाघाशेजारी उभ्या असलेल्या पणजोबांपेक्षा त्यांच्या मागे दिसणारे रान आज अधिक मोलाचे आहे. तेथे झाडी किती होती, गवत किती, नाल्याला पाणी होते की नाही, हे त्या चित्रांवरून कळू शकते. असे कागद असतील त्यांनी ते झटकून, त्यांवर गाव आणि साल घालून, एखाद्या ग्रंथालयाच्या किंवा अभ्यासकाच्या स्वाधीन करावेत. कूनोत पुढे कोणास वसवावयाचे हे ठरविणाऱ्यांना, पूर्वी तेथे काय होते आणि कोण राहात होते, याची खबर असणे अवश्य आहे.